फाइली उतरवल्या, पण शब्द सापडत नाहीत

वाचकांचे प्रश्न

मोबाइलच्या वापराविषयी गेल्या अंकात मागवलेल्या प्रश्नांत या वेळी शब्दकोशांचा गठ्ठा सर्वांत मोठा निघाला. इंटरनेट नसतानाही चालेल असे कोशाचे ॲप फोनमध्ये असावे आणि त्यात आपल्याला हवे ते कोश आपणच बसवावेत, असे बडोद्यातील इतक्या वाचकांना वाटते, याचे मला मनापासून अप्रूप आहे. मोल्सवर्थ (मराठी-इंग्रजी) किंवा आपटे (संस्कृत-इंग्रजी) यांचे कोश घराघरांतल्या कपाटांत असतात, पण जाडजूड असल्यामुळे रोजच्या वाचनात हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तेच कोश खिशात आले तर आपण ते दिवसातून अनेकदा उघडू. मात्र ते बसवण्याची रीत सोप्या मराठीत सहसा वाचायला मिळत नाही आणि पुष्कळ जण फाइली उतरवून घेऊनही अर्ध्या वाटेत थांबतात. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून खाली दिली आहेत.

प्रश्न : नातवाने माझ्या फोनमध्ये गोल्डनडिक्ट हे ॲप घालून दिले. त्यानंतर मी मराठी-इंग्रजी कोशाची फाइल उतरवून घेतली. ‘डाउनलोड’मध्ये ती दिसते, पण ॲप उघडले की एकही कोश नाही असे सांगते. फाइलीवर बोट ठेवले तर ती उघडता येत नाही असा संदेश येतो. माझे काय चुकते आहे?
एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर : आपले फारसे काही चुकलेले नाही, एक पायरी राहून गेली आहे. गोल्डनडिक्ट, कलरडिक्ट यांसारखी ॲप कोश उघडून दाखवण्याचे काम करतात, कोश मात्र आपल्याला वेगळा द्यावा लागतो. आपण उतरवलेली फाइल हा बहुधा अनेक फाइली एकत्र दाबून ठेवलेला संच आहे. तिच्या नावाच्या शेवटी झिप, टार.जीझेड किंवा टार.बीझेड२ यांपैकी काही तरी असेल. तो संच मोकळा केल्याशिवाय ॲपला आतले काहीही दिसत नाही.

संच मोकळा केल्यावर एकाच नावाच्या निदान तीन फाइली मिळतात. त्यांच्या नावांचा शेवट तेवढा वेगळा असतो. आयएफओ ही अगदी लहान फाइल असते आणि तिच्यात कोशाचे नाव, शब्दांची संख्या अशी जुजबी माहिती असते. आयडीएक्स ही सूची असते. प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ मुख्य फाइलीत कितव्या स्थानापासून सुरू होतो आणि किती लांब आहे, असे दोन आकडे तिच्यात नोंदलेले असतात. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत सूचीवरून पुस्तकाची जागा कळावी, तसे ॲपला या सूचीवरून अर्थाची जागा कळते. तिसरी फाइल डिक्ट.डीझेड या नावाची असून सारे अर्थ तिच्यात असतात. काही कोशांबरोबर सिन अशा शेवटाची चौथी फाइलही येते. तिच्याविषयी पुढे एका उत्तरात सांगितले आहे. तोवर ती टाकून देऊ नये एवढे लक्षात ठेवावे. या रचनेला स्टारडिक्ट म्हणतात. ती मूळची संगणकावरील त्याच नावाच्या प्रोग्रॅमची असली, तरी खुली असल्यामुळे इतर अनेक ॲपनी स्वीकारली आहे, म्हणून एकदा मिळवलेला कोश पुढे दुसऱ्या ॲपमध्येही चालतो.

आता प्रत्यक्ष कृती. फोनमध्ये बहुधा असणारे ‘फाइल्स बाय गूगल’ हे ॲप झिप संच मोकळा करते, टार प्रकारचे संच करत नाही. त्यासाठी झेडआर्काइव्हर हे ॲप घ्यावे. ते झिप, टार.जीझेड, टार.बीझेड२ आणि सेव्हनझेड हे सगळे प्रकार हाताळते. त्यात संचावर बोट ठेवले की ‘येथे मोकळे करा’ अशा अर्थाचा पर्याय येतो. आधी कोशाच्या नावाचे एक नवे फोल्डर करावे आणि संच त्यातच मोकळा करावा, म्हणजे निरनिराळ्या कोशांच्या फाइली एकमेकींत मिसळत नाहीत. नंतर ते अख्खे फोल्डर उचलून, ॲप जिथे कोश शोधते तिथे ठेवावे. कलरडिक्टमध्ये ही जागा फोनच्या आतल्या मेमरीतले ‘डिक्टडेटा’ नावाचे फोल्डर ही आहे. आपल्या ॲपची जागा त्याच्या सेटिंग्जमधील कोशांच्या भागात लिहिलेली सापडेल. शेवटी त्याच भागात कोश पुन्हा शोधण्याचा पर्याय असतो, तो दाबावा. मोठा कोश असेल तर पहिल्या वेळी ॲप आपली स्वतःची सूची तयार करते आणि त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ ॲप बंद करू नये. अडकले असे समजून पुष्कळ जण ते मध्येच बंद करतात आणि मग कोश अर्धवट राहतो.

डीझेड फाइलीबाबत एक सावधगिरी सांगायला हवी. तीही दाबलेलीच असल्यामुळे काही फाइल मॅनेजर ती मोकळी करू का असे विचारतात. तिला हात लावू नये. ती तुकड्यातुकड्यांनी दाबलेली असते आणि हव्या त्या शब्दापुरता तुकडा उघडून ॲप अर्थ दाखवते. जाडजूड कोश साध्या फोनमध्ये मावतो आणि तरीही झटपट उघडतो, तो या युक्तीमुळेच.

प्रश्न : मित्राने त्याच्या फोनमधील कोशाच्या फाइली मला एकेक करून पाठवल्या. ॲपच्या यादीत कोशाचे नाव येते, शब्दही दिसतात, पण एखाद्या शब्दाचा अर्थ पाहावा तर भलत्याच शब्दाचा अर्धामुर्धा मजकूर समोर येतो. कोशच सदोष आहे का?
एक वाचक, फतेगंज

उत्तर : कोश सदोष असण्याची शक्यता कमी आहे, सूची एका आवृत्तीची आणि अर्थांची फाइल दुसऱ्या आवृत्तीची, असा प्रकार झालेला दिसतो. वर सांगितल्याप्रमाणे सूचीत फक्त स्थान आणि लांबी यांचे आकडे असतात. अर्थांच्या फाइलीत मध्येच एखादी ओळ वाढली किंवा कमी झाली, तर त्यापुढच्या सर्व शब्दांची स्थाने सरकतात. जुनी सूची मात्र जुन्याच स्थानाकडे बोट दाखवते आणि आपल्याला शेजारच्या शब्दाचा तुटका मजकूर दिसतो.

फाइली सुट्या पाठवल्या की असे सहज घडते. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली तर फोन तिच्या नावापुढे कंसात १ असा आकडा जोडतो आणि मग तिचे नाव बाकीच्या दोघींशी जुळत नाही. ते जुळवण्यासाठी आपण हाताने नाव बदलतो आणि त्यात जुनी-नवी फाइल एकत्र येते. म्हणून मित्राला त्या कोशाचा मूळ संचच, मोकळा न करता, पाठवायला सांगावे. आपल्याकडच्या सुट्या फाइली सगळ्या काढून टाकाव्यात आणि नव्याने सुरुवात करावी.

सूचीची फाइल पूर्ण आली आहे की नाही, हे तपासण्याची एक खात्रीची रीत आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी असे मला वाटते. आयएफओ फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे ती कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. तिच्यात ‘बुकनेम’ म्हणजे कोशाचे नाव, ‘वर्डकाउंट’ म्हणजे शब्दसंख्या आणि ‘आयडीएक्सफाइलसाइज’ म्हणजे सूचीच्या फाइलीचा आकार, अशा ओळी इंग्रजीत दिसतील. हा आकार बाइटमध्ये दिलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये आयडीएक्स फाइलीचे गुणधर्म उघडले की तिचा खरा आकार बाइटमध्ये कळतो. दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे हवेत. खरा आकार कमी निघाला तर फाइल बहुधा अर्धवट उतरली आहे, आणि जास्त निघाला तर ती बहुधा दुसऱ्याच आवृत्तीची आहे. सूची आयडीएक्स.जीझेड अशा दाबलेल्या स्वरूपात असेल तर ही तुलना थेट करता येत नाही, कारण आयएफओमध्ये न दाबलेल्या सूचीचा आकार लिहिलेला असतो.

प्रश्न : जुन्या फोनमध्ये माझे कोश चार वर्षे उत्तम चालले. नवा फोन घेतल्यावर तेच ॲप आणि तेच फोल्डर हलवले, पण ॲपला एकही कोश दिसत नाही. फाइली तर जागेवर आहेत.
एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : फाइली जागेवर आहेत, पण त्या पाहण्याची परवानगी ॲपला उरलेली नाही. पूर्वी एकदा ‘स्टोरेज’ची परवानगी दिली की कोणतेही ॲप फोनमधील जवळजवळ सगळी फोल्डरे वाचू शकत असे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून ही मुभा आवळली गेली आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून ती बऱ्याच अंशी बंद झाली. एखाद्या खेळाच्या ॲपने आपली कागदपत्रे चाळू नयेत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे; फटका मात्र सामायिक फोल्डरमधून फाइली वाचणाऱ्या कोशांच्या जुन्या ॲपना बसला.

आपण पुढील क्रमाने पाहावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपच्या यादीत आपले कोशाचे ॲप उघडून परवानग्यांमध्ये सर्व फाइली वापरू देण्याचा पर्याय आहे का ते बघावे. असल्यास तो द्यावा आणि ॲपला कोश पुन्हा शोधायला सांगावे. ही परवानगी मोठी आहे, त्यामुळे ती फक्त ओळखीच्या आणि विश्वासाच्या ॲपला द्यावी. कोशाच्या नावाखाली जाहिरातींनी भरलेल्या ॲपला ती देऊ नये. असा पर्याय नसेल, तर ॲपच्या आत फोल्डर किंवा फाइल निवडण्याचे बटण आहे का ते शोधावे, कारण आपण स्वतः निवडून दिलेली जागा वाचायला अँड्रॉइडची हरकत नसते. आर्ड २ हे ॲप याच पद्धतीने चालते. त्याचे कोश स्लॉब नावाच्या वेगळ्या स्वरूपात असतात आणि संपूर्ण कोश एकाच फाइलीत असतो, त्यामुळे फाइली विखुरण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र निवडलेली फाइल नंतर दुसरीकडे हलवली तर ती पुन्हा निवडून द्यावी लागते.

यांपैकी काहीच जमले नाही तर ॲपच बदलावे. त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण आपले भांडवल कोशांच्या फाइली हे आहे आणि त्या स्टारडिक्ट स्वरूपातील असल्याने दुसऱ्या ॲपमध्ये जातील. फक्त त्यांची एकुलती एक प्रत ‘अँड्रॉइड’ फोल्डरातील ‘डेटा’ या भागात, ॲपच्या खासगी जागेत, ठेवू नये. ॲप काढून टाकले की तो भाग त्याच्याबरोबर पुसला जातो. मूळ संच संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर जपून ठेवावेत.

प्रश्न : मी गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते. मोल्सवर्थचा कोश फोनमध्ये बसला, ‘घर’ आणि ‘पुस्तक’ हे शब्द बरोबर उघडतात, पण ‘गाव’, ‘नाव’, ‘करणे’, ‘कवी’ असे साधे शब्द सापडत नाहीत. कोश अर्धवट बसला असेल का?
एक अनुवादिका, रावपुरा

उत्तर : कोश पूर्ण बसला आहे आणि आपण विचारलेले चारही शब्द त्यात आहेत. आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण याच ठिकाणी कोश बिघडलेला आहे असे समजून लोक तो काढून टाकतात.

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ सालची आणि आज सर्वत्र वापरली जाणारी दुसरी १८५७ सालची. मराठी लेखनाचे आजचे नियम त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९६२ साली आले आणि त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. मोल्सवर्थमध्ये ते सारे जागच्या जागी आहेत. त्यात ‘गांव’ आणि ‘नांव’ आहे, क्रियापदे ‘करणें’, ‘जाणें’ अशी आहेत आणि ‘केळें’ यासारख्या नपुंसकलिंगी नामांवरही अनुस्वार आहे. संस्कृतातून आलेल्या ऱ्हस्वान्त शब्दांचा शेवट आपण आता दीर्घ लिहितो, तिथे तो ऱ्हस्व आहे, म्हणून ‘कवि’. आपले डोळे ‘गाव’ आणि ‘गांव’ यांना एकच शब्द मानतात. ॲप मात्र अक्षरांचे आकडे जुळवते आणि एका अनुस्वाराने त्याच्या दृष्टीने शब्द वेगळा होतो.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे शब्द पूर्ण न लिहिणे. ‘करण’ एवढेच लिहून थांबावे, की खाली येणाऱ्या यादीत ‘करणें’ दिसते. ‘कव’ लिहिले की ‘कवि’ दिसते. शेवटचे अक्षर सोडून द्यायची सवय लागली की निम्म्याहून अधिक अडचणी मिटतात. अनुस्वार शब्दाच्या मध्ये असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे तो घालून पाहावे. अनेक ॲपमध्ये अनिश्चित अक्षरांच्या जागी तारांकन लिहिता येते, म्हणजे ‘गा’, तारांकन आणि ‘व’ असे लिहिल्यास दोन्ही रूपे मिळतात. आणि ‘केले’, ‘गेलो’, ‘घरात’ अशी चालवलेली रूपे कोणत्याही कोशात शोधू नयेत. मूळ ‘करणें’, ‘जाणें’ आणि ‘घर’ यांच्याकडेच जावे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ या शब्दांतला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त वापरतात, तर दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे उमटतात, पण कोश तयार करणाऱ्याने एक प्रकार वापरला असेल आणि आपला कीबोर्ड दुसरा वापरत असेल, तर शब्द सापडत नाही. अशा वेळी पहिले अक्षर लिहून यादी बोटाने पुढे सरकवावी, किंवा त्या जोडाक्षराच्या जागी तारांकन द्यावे.

वर ज्या सिन फाइलीचा उल्लेख केला, तिचे काम इथे कळते. चांगले कोशकर्ते एकाच शब्दाची पर्यायी रूपे या फाइलीत नोंदवतात आणि प्रत्येक रूप सूचीतील मूळ शब्दाशी जोडून देतात. ती फाइल संचात असेल तर ‘गाव’ लिहूनही ‘गांव’ उघडू शकते. फाइली हलवताना ती अनावश्यक समजून मागे ठेवली, तर कोश चालतो, पण ही सोय जाते. आपल्या मूळ संचात ती आहे का, हे पुन्हा एकदा पाहावे.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात संस्कृत शिकतो. आपटे आणि मोनियर-विल्यम्स हे दोन्ही कोश बसवले आहेत. एकाच शब्दाचा एका कोशात अर्थ मिळतो आणि दुसऱ्यात मिळत नाही, असे वारंवार होते.
एक विद्यार्थी, सयाजीगंज

उत्तर : दोन्ही कोशांची मथळे देण्याची पद्धत वेगळी आहे. वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश नामे प्रथमेच्या एकवचनात देतो, म्हणजे ‘अंशः’, ‘धर्मः’ असा विसर्गासह. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या आवृत्तीत प्रातिपदिक, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय न लागलेले मूळ रूप असते, जसे ‘धर्म’. म्हणून विसर्ग न लावता शोधावे आणि यादीतून निवडावे. पूर्ण जुळणारा शब्दच दाखवण्याचा पर्याय ॲपमध्ये चालू असेल तर तो बंद करावा. क्रियापदांसाठी ‘गच्छति’ न लिहिता ‘गम्’ लिहावे आणि शेवटचा हलन्त विसरू नये. अनुनासिकांचाही विचार करावा लागतो: आपण मराठीच्या सवयीने ‘अंक’ लिहितो, कोशाच्या फाइलीत तो ‘अङ्क’ असू शकतो, आणि उलटही घडते. सामासिक शब्द संधी सोडवून, पदे वेगळी करून शोधावा.

आणखी एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. मोनियर-विल्यम्सच्या काही फाइलींत मथळे देवनागरीत असतात, तर काहींत रोमन लिपीत. आयडीएक्समधील पहिले काही शब्द ॲपच्या यादीत पाहिले की हे लगेच कळते. देवनागरी मथळ्यांचा संच मिळत असेल तर तोच घ्यावा.

प्रश्न : गुजराती कोश बसवला आहे, यादीत दिसतोही, पण कोणताच शब्द सापडत नाही. मी मराठी कीबोर्डवरून लिहिते.
एक वाचक, वाडी

उत्तर : गुजराती कीबोर्ड सुरू करावा, अडचण दूर होईल. बडोद्यात आपल्यापैकी बहुतेकांना गुजराती सहज वाचता येते, पण लिहिताना बोटे देवनागरीकडेच जातात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या दोन लिपींची अक्षरे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत: देवनागरी क चा क्रमांक २३२५ आणि गुजराती क चा २७०९. त्यामुळे देवनागरीत लिहिलेला शब्द गुजराती सूचीत ॲपला भेटतच नाही. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून गुजराती जोडली की स्पेसच्या पट्टीवर बोट दाबून धरून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता येते. गुजराती लिहिण्याचा सराव नसेल तर रोमन अक्षरांतून गुजराती उमटवणारा प्रकार निवडावा.

प्रश्न : आयफोनमध्ये स्टारडिक्टचे कोश घालता येतात का?
एक वाचक, अलकापुरी

उत्तर : हे स्वरूप वाचणारे ॲप घेतल्यास येतात. ॲप बसवल्यावर आयफोनच्या ‘फाइल्स’मध्ये ‘ऑन माय आयफोन’ या ठिकाणी त्या ॲपच्या नावाचे फोल्डर दिसते का ते पाहावे आणि मोकळ्या केलेल्या फाइली त्यात ठेवाव्यात. असे फोल्डर दिसत नसेल तर ॲपच्या आतील आयात करण्याचे बटण वापरावे. बाकी नियम अँड्रॉइडप्रमाणेच.

प्रश्न : माझ्याकडे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ची पीडीएफ प्रत आहे. तिचे रूपांतर करून ती कोशाच्या ॲपमध्ये घालता येईल का? जुनी मोडी कागदपत्रे वाचताना बडोदे संस्थानातील कारभाराचे शब्द सतत लागतात.
एक अभ्यासक, मांडवी

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली निघालेला हा आठ भाषांचा शासनव्यवहाराचा कोश बडोद्याचे वैभव आहे आणि तो बोटावर उपलब्ध झाला तर संस्थानच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल. पण पीडीएफ थेट घालता येणार नाही. अशा पीडीएफमध्ये पानांची छायाचित्रे असतात, अक्षरे नसतात, आणि ॲपला शोधण्यासाठी अक्षरे लागतात. छायाचित्रातील मजकूर ओळखणारी साधने मराठीसाठीही आहेत; गूगल ड्राइव्हमधील पीडीएफ गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो, आणि टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅमही मराठी ओळखतो. मात्र अनेक भाषांचे शब्द शेजारी शेजारी असलेल्या पानावर ही साधने ओळी एकमेकींत मिसळतात. त्यातून आलेला मजकूर शब्दन् शब्द मूळ पानाशी ताडून पाहिल्याखेरीज कोशात घालू नये. चुकीचा कोश हा कोश नसण्यापेक्षा वाईट, कारण वाचणारा त्यावर भरवसा ठेवतो.

म्हणून माझा सल्ला असा की संपूर्ण ग्रंथ हाती न घेता, आपल्याला कागदपत्रांत खरोखर लागणाऱ्या शब्दांचा लहान कोश आपण स्वतः करावा. हे काम वाटते त्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. संगणकावर साध्या मजकुराची एक फाइल करावी. प्रत्येक ओळीत आधी शब्द, मग टॅबची कळ एकदा दाबून सुटलेली जागा, आणि त्यापुढे अर्थ लिहावा. उदाहरणार्थ एका ओळीत ‘वहिवाटदार’, टॅब, आणि ‘बडोदे संस्थानातील महालाचा, म्हणजे तालुक्याचा, मुख्य अधिकारी’, दुसऱ्या ओळीत ‘सुभा’, टॅब, आणि ‘प्रांताचा प्रमुख अधिकारी, जिल्हाधिकाऱ्याच्या जागी’. अर्थामध्ये एंटर दाबून नवी ओळ करू नये, नाही तर पुढचा भाग नवा शब्द समजला जाईल. शब्द कोणत्या ग्रंथातून किंवा कागदातून घेतला, ते अर्थाच्या शेवटी पान क्रमांकासह लिहिले तर कोश अभ्यासाच्या दृष्टीने फार वर जाईल. फाइल जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. आपल्या जुन्या टिपणांतले शब्द श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. तसे न केल्यास फोनमध्ये इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसेल.

ही फाइल तयार झाली की पायग्लॉसरी हा मोफत आणि खुला प्रोग्रॅम तिचे स्टारडिक्टमध्ये रूपांतर करतो. त्यात येणाऱ्या फाइलीचा प्रकार म्हणून टॅबफाइल आणि जाणाऱ्याचा प्रकार म्हणून स्टारडिक्ट निवडायचे असते. आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट या तिन्ही फाइली तो स्वतः तयार करतो. त्या एका फोल्डरात ठेवून फोनमध्ये न्याव्यात. सुरुवातीला दहा-पंधरा शब्दांचीच फाइल करून ती फोनमध्ये नीट उघडते का ते पाहावे आणि मगच पुढचे शब्द भरावेत. नंतर शब्द वाढवाल तेव्हा नेहमी मूळ मजकुराच्या फाइलीत वाढवा, नव्याने रूपांतर करा, फोनमधील जुन्या तिन्ही फाइली काढून नव्या तिन्ही ठेवा आणि ॲपला कोश पुन्हा शोधायला सांगा.